कसंतरी म्हणजे कसं?

दवाखान्याच्या दाराला हिरवा पडदा होता. तो डाव्या हाताने अर्धा उचलायचा, उजव्या हाताने कानामागचं पेन काढायचं आणि बाकावर कण्हत बसलेल्या माणसाला विचारायचं, "कसंतरी म्हणजे कसं?"

बस, एवढंच. पण हा प्रश्न ऐकून विठ्ठलवाडीतले निम्मे पेशंट जागच्या जागी बरे झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. उरलेल्या निम्म्यांना उत्तर सुचलं नाही, म्हणून बिचाऱ्यांना औषध घ्यावं लागलं.

डोळ्यांनी पाहिलेत हे थोडं वाढवून झालं. कानांनी ऐकलेत. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान दवाखान्याला चिकटून, आणि मधे भिंत कसली, प्लायवूडचं पार्टिशन. तिकडे कुणाला ठसका लागला की इकडे माझ्या बॉबिनी घरंगळायच्या. उल्हासनगरात जीन्स शिवणारी मशीनं मुंग्यांसारखी, त्यामुळे मला कामाचा तोटा कधीच नव्हता. तरी आयुष्यात मी मशीन कमी आणि पेशंट जास्त ऐकले.

पडदा उचलणारा माणूस म्हणजे दवाखान्याचा कंपाउंडर. नाव होतं त्यालाही, पण ते रेशन कार्डावर. आम्ही सगळे काका म्हणायचो. अंगाने सलाइनच्या स्टँडइतका. एकदा जोराचा वारा आला तेव्हा आधी छत्री उडाली की काका, यावर रिक्षा स्टँडवर अजून वाद आहे. दर पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारा, दाढी घोटून गुळगुळीत, पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात औषधांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. फक्त त्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलेलं असायचं ते पाहिलं नसेल.

त्याचं असं झालं. डॉक्टर सिंधी. देवमाणूस, हाताला गुण, पण मराठी कामापुरतं: "श्वास घ्या, सोडा, जीभ काढा." आणि आमचे लोक कसे? आत गेले, स्टुलावर बसले, की एकच वाक्य. "डॉक्टर, कसंतरीच होतंय." कुठे होतंय? सगळीकडे. कधीपासून? असंच. डॉक्टर बापडे विचार करायचे आणि म्हणायचे, "कसंतरी मतलब गॅस." पहिली काही वर्षं अख्ख्या विठ्ठलवाडीची बेचैनी त्यांनी गॅसच्या गोळ्यांवर काढली. एका विधवा बाईंना त्यांनी नवऱ्याच्या तेराव्याला गॅसची गोळी दिली, तेव्हा काकांनी पडदा सोडला आणि आत जाऊन सांगितलं, "डॉक्टर, सुई तुम्ही टोचा. शब्द मी शोधतो."

तेव्हापासून चिठ्ठी सुरू झाली. बाकावरच्या माणसाला काका विचारणार, खोदणार, आणि पुठ्ठ्यावर एक शब्द लिहून त्याच्या हातात देणार. तो घेऊन मग आत जायचं.

"कसंतरी हे दुखणं नाहीच रे, मशीन," मला ते सांगायचे. मला ते मशीन म्हणायचे. "ते पत्ता न लिहिलेलं पाकीट आहे. डॉक्टर पोस्टमन. पत्ताच नाही तर तो टाकणार कुठे?"

मग पत्ते. घालमेल आणि तगमग यांतला फरक त्यांनी मला वडापाव खाताना समजावला. "घालमेलीला दोन बाजू लागतात. जाऊ की नको, सांगू की नको. तगमगीला बाजू नसते, तिला पंखा लागतो." हुरहुर कुणासाठी तरी असते, रुखरुख कशाबद्दल तरी. धाकधुकीला तारीख असते. नदीकाठच्या मांजर्लीचे पेशंट जुलैत येत, नदी चढायला लागली की छातीत कसंतरी होतं म्हणून. त्यांच्या चिठ्ठीवर काका थेट औषधच लिहायचे: "फ्रीज वरच्या मजल्यावर न्या." दुसऱ्या दिवशी माणूस बरा, फ्रीज उचलून फक्त कंबर धरलेली.

"आणि चुळबुळ?" मी विचारलं.

काकांनी वडापावच्या कागदाचा बोळा केला. "चुळबुळ? हॅट. ती सगळ्यात खालची. हाताला काम नसलं की होते. तिच्यासाठी कुणी नंबर लावू नये. अशा माणसाला लसूण सोलायला द्यावा."

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. समोरच्याला घाम आलेला असेल आणि तो कसंतरी होतंय म्हणत असेल, तर शब्द शोधायचा नाही. एकदा फर्निचर बाजारातला एक धिप्पाड शेठ आला, कपाळावर घाम, हात डाव्या खांद्यावर. काकांनी तोंडही उघडलं नाही. सलाइनच्या स्टँडने कपाट ढकलावं तसं त्या शेठला बाकावरच्या सगळ्यांच्या आधी आत ढकललं. बाकावर ओरडा झाला, "ओ काका, आमचा नंबर!" काका म्हणाले, "तुमचं कसंतरी थांबेल. त्याचं थांबणार नाही." शेठ वाचला. पुढे दर दिवाळीला त्याच्याकडून एक खुर्ची यायची. दवाखान्यात पेशंटपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या.

चुका नव्हत्या असं नाही. एका दिवशी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. एक होते मूळव्याधीचे गृहस्थ, लाजेने तोंडातून शब्द निघेना, तेव्हा काकांनी लिहिलं, "बसवत नाही." दुसऱ्या होत्या शाळेतल्या बाई, मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली, त्यांची चिठ्ठी, "हुरहुर, मुलीची." गर्दीत चिठ्ठ्या बदलल्या. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, "रोज पंधरा मिनट कोमट पाणी का टब में बैठो." आणि गृहस्थांना म्हणाले, "बेटी को जाके मिलो, सब ठीक हो जाएगा." आता गंमत बघा. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्या गृहस्थांनी तिच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. त्यांना वाटलं, डॉक्टर अंतर्ज्ञानी आहेत. गेले कर्जतला, बसता येत नव्हतं म्हणून उभ्याउभ्याच रडले, नातू कडेवर घेऊन परत आले. मूळव्याध तशीच, पण चेहरा असा की जणू गेलीच. आणि बाईंनी टबात बसून मुलीला पंधरा मिनिटं फोन लावायला सुरुवात केली, तो रिवाज त्या घरात अजून आहे म्हणतात. काका मात्र आठवडाभर कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. "चूक ती चूक," म्हणाले. त्यानंतर चिठ्ठीवर नंबरही यायला लागला.

अंबरनाथकडच्या गावातली एक आगरी आजी यायची. नऊवारी, नाकात नथ, आवाज असा की माझ्या पार्टिशनचे खिळे ढिले व्हावेत.

"मना कसातरीच व्हतंय रं बाला."

"कसंतरी म्हणजे कसं, आजी?"

"मना ठावं असता तं तुज्याकरं कशाला आले असते?"

"बरं, कधी होतं?"

"पाटंचे."

"पहाटे पूर्वी काय करायचात?"

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून पार्टिशनला कान लावला. "म्हशींचा दूध काराचे," ती हळूच म्हणाली. "आता म्हशी इकल्या. जागा इकली. पोरानी बिल्डिंग बांदली, लिफ हाय तिला. पाटंचे हात उठतान, आन म्हैस नाय."

चिठ्ठी आत गेली: "हुरहुर, म्हशीची." डॉक्टरांनी चष्मा काढला. "भाऊ, ये भैंस का हुरहुर, इसको मैं क्या दूँ?"

"काही देऊ नका. गावात तिच्या भाचीकडे दोन म्हशी आहेत. पहाटे तिकडे जायचं. मी सांगतो तिला."

महिन्याने आजी खरवस घेऊन आली, डबा नव्हे, परात. डॉक्टरांनी एवढा खाल्ला की आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खराखुरा गॅस झाला.

मीही एकदा बाकावर बसलोय. लपवायचं काय? झोप लागेना, जेवण जाईना. काकांनी पडदा उचलला, पेन काढलं, प्रश्न विचारला. मी सुरू झालो. छातीत वादळ आहे, डोक्यात गिरणी चालू आहे, चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

"मशीन, तुझ्या शंभरातले नव्वद काढ," काका म्हणाले. "उरलेले दहा सांग."

उरलेले दहा एवढेच होते, की वडील गेल्यावर दुकानात जागा होईना म्हणून मी त्यांचं पायाचं जुनं मशीन भंगारात दिलं होतं. काकांनी लिहिलं, "रुखरुख." आत पाठवलंच नाही. "भंगारवाल्याकडे जा." गेलो. मशीन वितळून गेलं होतं, फक्त त्याचं चाक राहिलं होतं. ते आणलं, दुकानात खिळ्याला टांगलं. त्या दिवशी मी असा झोपलो की बायकोने नाकाखाली आरसा धरून पाहिला.

असा हा माणूस. मग एके दिवशी डॉक्टर थकले. मुलाने दवाखाना हातात घेतला. हुशार मुलगा, नम्र, काकांच्या पाया पडला. पण नव्या जमान्याचा. काउंटरवर कॉम्प्युटर आला, टोकनचा लाल आकडा आला, प्लायवूडच्या जागी विटांची भिंत आली. हिरवा पडदा गेला, काचेचं आपोआप उघडणारं दार बसलं. जे दार आपोआप उघडतं, तिथे उघडणारा माणूस काय करणार? काकांनी कानामागचं पेन काढून खिशात ठेवलं. त्याच सुमाराला त्यांची चाळ पाडायला घेतली. काकू जाऊन सात वर्षं झाली होती. बदलापूरला कात्रपमध्ये मुलीचा फ्लॅट, सातवा मजला. मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना मी टॅक्सीच्या खिडकीत वाकून म्हटलं, "काका, मजा आहे, लिफ्ट आहे तुम्हाला." ते हसले नाहीत. मला आजीची आठवण तेव्हाच यायला हवी होती.

चार महिन्यांनी मुलगी माझ्या दुकानात आली. डोळे सुजलेले.

"दादा, बाबांचं काही कळत नाही. जेवण निम्म्यावर आलंय. परत जातो म्हणतात, आणि परत कुठे जाणार, चाळ तर पाडली! तीन डॉक्टर झाले. ईसीजी झाला, रक्त झालं, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. विचारलं काय होतंय, तर म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"कसंतरी होतंय."

माझ्या हातातली पक्कड खाली पडली. अहो, पत्ते लिहिणाऱ्यानेच पत्ता नसलेलं पाकीट टाकलं! माणूस चार महिन्यांत असाच विरत गेला तर उरणार काय? मुळात सलाइनचा स्टँड. त्यातून आणखी किती कमी होणार? मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघालो.

सातव्या मजल्यावर घर लख्ख. काका बाल्कनीजवळ खुर्चीत. दाढीचे खुंट वाढलेले. मी बसायच्या आत दाराची बेल वाजली आणि काका ताडकन उठले. डावा हात वर गेला, बाल्कनीचा पडदा अर्धा उचलला. बाहेर कोण असणार, आकाश. दारात कुरियरवाला होता. काका हात खाली घेऊन पुन्हा बसले.

मुलगी चहा टाकायला आत गेली. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्याच सुरात विचारलं, "कसंतरी म्हणजे कसं?"

"गप रे मशीन."

"घालमेल आहे?"

"घालमेलीला दोन बाजू लागतात. इथे एकच आहे, बाल्कनीची."

"मग हुरहुर? काकूंची?"

"ती आहे. पण ती जुनी, तिचं माझं आता जमलंय. संध्याकाळी येते, बसते, जाते."

"रुखरुख?"

"कशाची? पोरगी सोन्यासारखी आहे. जावई ताटात आधी मला वाढायला लावतो."

"बरं, कधी होतं?"

काका शर्टाचं बटण चाळवत राहिले. मग म्हणाले, "सकाळी साडेनऊला."

दवाखाना साडेनऊला उघडायचा. मला आजी आठवली, तिच्या म्हशी आठवल्या, आणि मी विजयी सुरात म्हटलं, "कळलं! दवाखान्याची हुरहुर!"

"हुरहुर असती तर पहिल्या दिवशी सांगितली नसती का? हुरहुरीची लाज नसते माणसाला." त्यांनी आतल्या बाजूला पाहिलं, मुलगी ऐकत नाही ना याची खात्री केली, दोन्ही हात माझ्यासमोर उघडे धरले आणि पुटपुटले, "चुळबुळ आहे रे."

मी हसलो नाही. खरं सांगतो, हे शंभरातले शंभर. हसलो नाही.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला," काका म्हणाले. "पण पोरीने रजा टाकली, तीन डॉक्टर केले, जावयाने सोनोग्राफी करून आणली. आता त्यांना काय सांगू, की चुळबुळ आहे म्हणून? जन्मभर ज्याच्यासाठी नंबर लावू नका म्हणालो, तेच?" मग ते म्हणाले, "मशीन, माझं एक चुकलं. मला वाटायचं, लोकांना शब्द सापडत नाही म्हणून ते कसंतरी म्हणतात. तसं नसतं रे. शब्द सापडलेला असतो. सांगवत नाही."

चहा आला. मी कपाला हात न लावता खाली उतरलो. मुलगी मागे धावली, "दादा, काय झालं?" मी म्हटलं, "औषध आणतो." नाक्यावरून दोन किलो लसूण घेतला. वर आलो, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिहिलं, "चुळबुळ", आणि चिठ्ठी लसणावर ठेवून पिशवी काकांच्या मांडीवर दिली.

काकांनी चिठ्ठी वाचली. खिशातून पेन काढलं. ते माझा शब्द खोडतील अशी मला भीती वाटली, पण त्यांनी चिठ्ठीवर फक्त एक सुधारणा केली. कोपऱ्यात लिहिलं: "नंबर १."

मग ते सोलायला बसले. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. तिने चिठ्ठी वाचली, ओठ चावला. आत जाऊन ताट घेऊन आली आणि बापाच्या पुढ्यात ठेवलं. "सालं यात टाका, बाबा. घरभर उडतात."

दोन किलो लसूण संध्याकाळपर्यंत संपला. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा. आठवडाभरात सातवा मजला, पंधरा दिवसांत अख्खी विंग. सालांनी लिफ्ट बंद पडायची पाळी आली, तेव्हा सोसायटीने त्यांना खाली गेटजवळचा बाक दिला. काका साडेनऊला दाढी करून, पांढरा शर्ट घालून बाकावर हजर. बायका लसूण द्यायला यायच्या, आणि लसूण देता देता माणूस किती वेळ गप्प बसणार? कुणीतरी म्हणायचं, "काय सांगू काका, आज सकाळपासून कसंतरीच होतंय." काकांचे हात सोलतच राहायचे. फक्त मान वर व्हायची आणि प्रश्न यायचा. चिठ्ठ्यांसाठी पुठ्ठा कमी पडायला लागला, मग जावई ऑफिसातून आणायला लागला.

मी महिन्यातून एकदा जातो. बायकोने दिलेला लसूण नेतो. माझ्या दुकानात आता विटांच्या भिंतीमुळे पलीकडचं काही ऐकू येत नाही, बॉबिनी जागच्या जागी असतात, आणि हे मला काही फारसं मानवत नाही.

परवाच्या रविवारी गेलो तर बाक रिकामा. दहा वाजून गेलेले. ताट होतं, त्यात अर्धवट सोललेला लसूण होता, पेन होतं. माणूस नव्हता. मी ताटातलं पेन उचलून पाहिलं. वॉचमन बिहारचा, तरणा, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, आप बैठिए पहले."

"काका कुठे आहेत?"

"हॉस्पिटल गए।"

माझ्या कपाळावर काय आलं असेल ते मी सांगत नाही, कारण त्या घामाने बाकाखाली तळं झालं असं मी लिहीन आणि तुम्ही नव्वद काढाल.

"नहीं नहीं, काका को कुछ नहीं हुआ," वॉचमन घाईने म्हणाला. "बी विंग के अंकल आए थे लहसुन लेके। बोले, कसंतरी होतंय। काका ने पूछा ही नहीं। पसीना देखा, सीधा रिक्शा में डाला, खुद भी बैठ गए। अभी फोन आया, टाइम पे ले गए, अंकल ठीक हैं। काका आते ही होंगे।"

आता मी बाकाकडे नीट पाहिलं. रिकामा कुठला? तिथे नव्हता फक्त मधला माणूस. दोन्ही टोकांना दोन बायका आणि कठड्यावर एक रिटायर्ड गृहस्थ, मांडीवर लसणाच्या पिशव्या, हातात नंबराच्या चिठ्ठ्या. तीन माणसं. हा आकडा वाढवलेला नाही. कुणाला घाई नव्हती. एकीने सरकून मला जागा दिली.

"बसा, येतीलच. चौथा नंबर तुमचा. तुम्हाला काय होतंय?"

मी तोंड उघडलं. वादळ, गिरणी, सगळं जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"कसंतरीच," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, आणि काकांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "मग तोवर हा सोला."